दहा बोटं, चार काठ्या

30 ऑक्टोबर 1849 रोजी पॅरिसच्या मादलेन चर्चमध्ये फ्रेदेरिक शोपाँचा अंत्यविधी झाला. मोत्झार्टचं ‘रिक्विएम’ गायलं गेलं आणि ऑर्गनवर शोपाँचीच दोन प्रील्यूड्स वाजवली गेली. त्यातलं एक ई मायनरमधलं, चौथ्या क्रमांकाचं, जेमतेम दोन-अडीच मिनिटांचं. शोपाँनं आयुष्यभर जवळजवळ सगळं पियानोसाठीच लिहिलं. त्याला निरोप देताना मात्र त्याचं संगीत दुसऱ्याच वाद्यावर वाजलं.

हे प्रील्यूड ऐकलं नसेल तर इथेच थांबून ऐका, कुठेही सहज सापडेल. डाव्या हातात तीन-तीन स्वरांचे कॉर्ड एका लयीत धडधडत राहतात आणि अर्ध्या-अर्ध्या स्वरानं खाली घसरत जातात. उजव्या हातात एक लांब सूर असतो. तो शेजारच्या स्वराला शिवून परत जागेवर येतो. बराच वेळ एवढंच.

पियानोची पट्टी दाबली की आत एक हातोडी तारेवर आपटते. त्या क्षणापासून स्वर फक्त कमी होत जातो. वादकाला तो वाढवता येत नाही, फार तर पट्टी दाबून धरून त्याला सावकाश विझू देता येतं. ई मायनर प्रील्यूड या विझण्यावरच उभं आहे. वरचा सूर विरत जातो आणि खालचे कॉर्ड धडधडतच राहतात. ऑर्गनवर तसं होत नाही. पट्टीवर बोट आहे तोवर नळीतून वारा वाहतो आणि सूर होता तसा राहतो. म्हणजे मादलेनमध्ये जमलेल्या लोकांनी शोपाँचे सगळे स्वर ऐकले असतील, पण त्यांचं विझणं ऐकलं नाही.

पियानोचं संगीत दुसऱ्या वाद्यावर नेताना हा प्रश्न नेहमी येतो. ऑर्गनवर स्वर विझत नाही ही अडचण, तर मरिंबावर तो फार लवकर विझतो ही अडचण. पियानोसाठी लिहिलेल्या रचनांची मरिंबावरची रूपांतरं मी गेली काही वर्षं जमेल तशी ऐकत आले आहे, आणि ऐकता ऐकता या वाद्याच्या इतिहासात शिरले. शिरताना वाटलं होतं, संगीत वाद्यासाठी कसं बदललं याची ही गोष्ट असेल. निघाली ती उलटी. संगीताच्या आधी वाद्यच बदललं गेलं होतं.

मरिंबा म्हणजे लाकडी पट्ट्यांचं वाद्य. आपल्या काष्ठतरंगाच्या कुळातलं, पण आकारानं दांडगं आणि आवाजानं खोल. पट्ट्यांच्या खाली नळ्या असतात, त्या स्वर घुमवतात. वाजवायला मऊ गोळ्याच्या काठ्या लागतात, त्यांना मॅलेट म्हणतात. आज मैफिलीत दिसणाऱ्या मोठ्या मरिंबाला पाच सप्तकं असतात, म्हणजे 61 पट्ट्या. पियानोला 88. खालच्या 15 आणि वरच्या 12 मरिंबाकडे नाहीतच. तरीही लांबी अडीच मीटरहून जास्त, पियानोच्या अख्ख्या पट्टीपेटीच्या दुप्पट. पियानोवादक बसून हात फिरवतो, मरिंबावादकाला चालावं लागतं.

हे वाद्य मुळात आफ्रिकेतलं. ‘मरिंबा’ हा शब्दही बांटू भाषांमधून आला. गुलाम म्हणून मध्य अमेरिकेत नेलेल्या माणसांनी ते तिथे पुन्हा घडवलं. भोपळे पट्ट्यांखाली टांगले की झाल्या घुमणाऱ्या नळ्या. पुढे तिथल्या मूळ रहिवाशांनी ते इतकं आपलंसं केलं की ग्वाटेमालात ते माया लोकांचंच प्राचीन वाद्य असल्याचं बराच काळ ठासून सांगितलं गेलं. ग्वाटेमालातला त्याचा पहिला लेखी उल्लेख 1680 मधला आहे. आज अँतिग्वा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शहरातल्या कॅथेड्रलच्या उद्घाटन सोहळ्यात मूळ रहिवाशांनी ते वाजवलं होतं.

या जुन्या मरिंबाला सात स्वर होते. पेटीच्या भाषेत सांगायचं तर सगळ्या पांढऱ्या पट्ट्या, काळी एकही नाही. मधला एखादा उतरलेला स्वर हवाच असला तर वादक पट्टीला मेणाचा गोळा चिकटवायचे. वजन वाढलं की स्वर उतरतो. पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावतात, तशीच ही युक्ती.

आणि झणझण होती. प्रत्येक नळीच्या खालच्या टोकाशी एक भोक, भोकाभोवती मेणाचं कडं, त्यावर डुकराच्या आतड्याचा पातळ पापुद्रा ताणून बसवलेला. पट्टी वाजली की पापुद्रा थरथरतो आणि स्वराला एक गुणगुणती किनार येते. स्पॅनिशमध्ये तिला ‘चार्लेओ’ म्हणतात. भोपळ्यांच्या नळ्या जाऊन लाकडी खोकी आली तरी चार्लेओ टिकलं. तानपुऱ्याच्या जवारीवर वाढलेल्या आपल्या कानाला ते पहिल्या फेरीतच आवडावं. युरोपीय कानाला मात्र ते वाद्यातला बिघाड वाटतं.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ग्वाटेमालातल्या केत्साल्तेनांगोसारख्या शहरांत कॉफीचा पैसा आला होता. श्रीमंतांच्या दिवाणखान्यात पियानो होता, आणि पियानोवर वॉल्ट्झ, माझुर्का, ऑपेराच्या धुना वाजायच्या. त्या दिवाणखान्यात मरिंबाला जागा नव्हती. वाद्य गरिबांचं, मूळ रहिवाशांचं, चौकातलं. शिवाय त्याला काळ्या पट्ट्या नाहीत, म्हणजे ते संगीत वाजवायचं म्हटलं तरी वाजवता येणार नाही.

1894 मध्ये सेबास्तियान उर्तादो या केत्साल्तेनांगोच्या कारागिरानं पट्ट्यांची दुसरी ओळ जोडली. संगीतकार हुलियान पानियाग्वा यांनी ती कल्पना सुचवली असं सांगतात. सीमेपलीकडे मेक्सिकोतल्या चियापासमध्ये कोरासोन बोर्रास यांनीही 1897 च्या सुमारास तेच केलं, आणि पहिला मान कुणाचा यावर दोन्ही बाजू आजही भांडतात. मला त्या भांडणात रस नाही. मला रस आहे तो या गोष्टीत की दोन ठिकाणी, तीन-चार वर्षांच्या अंतरानं, एकच गरज दोन कारागिरांना जाणवली. मरिंबाला बारा स्वर हवे होते, कारण पियानोला बारा स्वर होते.

पण बघा, उर्तादोनं केवळ नक्कल केली नाही. ग्वाटेमालाच्या दुहेरी मरिंबावर काळ्या पट्ट्या पियानोसारख्या दोन पांढऱ्यांच्या मध्ये बसत नाहीत, आपापल्या पांढऱ्या पट्टीच्या सरळ मागे बसतात. झणझण तशीच राहिली. आणि वाजवणारे झाले सात: मोठ्या मरिंबावर चौघं, शेजारच्या लहान मरिंबावर तिघं. पियानोवर एका माणसाच्या दहा बोटांत मावणारं संगीत इथे सात माणसांत वाटलं गेलं. एकाकडे चाल, दुसऱ्याकडे तिची सावली, मधल्यांकडे कॉर्ड, टोकाच्या माणसाकडे खर्ज. बहुतेकांना नोटेशन येत नसे, सगळं कानानं पाठ. पियानोची रचना मरिंबावर नेण्याची मला ठाऊक असलेली ही सगळ्यात उदार पद्धत आहे. एकही स्वर गाळावा लागत नाही, कारण हात कमी पडले तर आणखी एक भाऊ उभा करायचा.

भाऊ हा शब्द मी उगाच वापरला नाही. उर्तादो कुटुंबातले भाऊच मरिंबा घेऊन 1908 पासून अमेरिकेचे दौरे करू लागले. 1915 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या पनामा-पॅसिफिक प्रदर्शनात त्यांनी गर्दी खेचली, त्यांच्या तबकड्याही निघाल्या.

अमेरिकेला वाद्य आवडलं, पण जसं होतं तसं नव्हे. शिकागोच्या डीगन कंपनीनं त्याच सुमारास मरिंबा बनवायला घेतला होता. लाकडी खोक्यांच्या जागी धातूच्या नळ्या आल्या. काळ्या पट्ट्या पियानोसारख्या दोन-तीनच्या गटांत बसल्या, म्हणजे पियानो शिकलेल्या माणसाला ओळखू याव्यात. पट्ट्या खालून कोरून इतक्या काटेकोर लावल्या जाऊ लागल्या की मूळ स्वराबरोबर उमटणारा पहिला उपस्वर नेमका दोन सप्तकं वरचा असावा. काही काळ झणझणणाऱ्या पापुद्र्याचं एक वाद्यही डीगननं विकलं, ते फार चाललं नाही. मैफिलीचा म्हणून जो मरिंबा पुढे आला, त्यातून चार्लेओ गेलं.

आवाज त्यामुळे स्वच्छ झाला, गोल झाला. पण माझ्या कानाला ती झणझण म्हणजे स्वराचं शेपूट वाटते. पट्टी विझत आली तरी ती थोडा वेळ रेंगाळते. ते शेपूट कापलं आणि मग पुढची साठ-सत्तर वर्षं वादक एकाच प्रश्नाशी झगडत राहिले: या वाद्याचा स्वर टिकत नाही, काय करायचं?

त्याचं पहिलं उत्तर रोल. एकाच पट्टीवर दोन काठ्या आलटून पालटून इतक्या जलद मारायच्या की ठोके मिसळून सलग सूर वाटावा. क्लेअर ओमार मसर या माणसानं रोलचा अक्षरशः महापूर आणला. 1933 च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात त्यानं शंभर मरिंबांचा वाद्यवृंद उभा केला. 1935 मध्ये पुन्हा शंभर वादक घेऊन त्यानं न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये आणि पॅरिसमध्ये वाजवलं. त्यासाठी डीगननं खास मरिंबा बनवले आणि त्यांना ब्रिटनच्या पंचम जॉर्जचं नाव दिलं. त्या वर्षी राजाच्या कारकिर्दीला 25 वर्षं होत होती. इंग्लंडमध्ये मात्र वाजवायला मिळालंच नाही. वाद्यवृंदासाठी लिहिलेलं युरोपीय संगीत शंभर मरिंबांवर, चारशे-साडेचारशे सप्तकांच्या लाकडावर! मला हे सगळं थोडं हास्यास्पद आणि थोडं हृद्य वाटतं. दोन पिढ्यांपूर्वी ज्या वाद्याला दिवाणखान्यात प्रवेश नव्हता ते आता राजाचं नाव लावून युरोपला निघालं होतं, आणि सोबत युरोपचंच संगीत घेऊन.

मसरच्या काळातच मरिंबा एकट्यानं वाजवण्याचंही वाद्य होत गेलं, आणि खरी अडचण इथे सुरू होते. शंभर जण असले किंवा सात जण असले तर हात पुरतात. एकटा माणूस दोन्ही हातांत दोन-दोन काठ्या धरतो. दहा बोटांचं संगीत चार टोकांवर आणायचं.

पुन्हा त्या ई मायनर प्रील्यूडकडे बघू, कारण त्यात ही अडचण अगदी उघडी पडते. डाव्या हातात तीन स्वर, उजव्यात एक. एकूण चार. काठ्याही चार. कागदावर वाटतं, वा, एकही स्वर गाळायला नको! पण मरिंबावादकाच्या डाव्या हातात काठ्या दोनच. म्हणजे कॉर्डचा तिसरा स्वर उजव्या हाताच्या आतल्या काठीनं वाजवावा लागतो. मग चालीसाठी उरते एकच काठी, आणि एका काठीनं रोल होत नाही. शिवाय तोच उजवा हात दर ठोक्याला कॉर्डसाठी बांधलेला.

आता तीन वाटा आहेत. पहिली, वरचा सूर एकदाच मारायचा आणि सोडून द्यायचा. तो क्षणात विरतो, आणि पुढचे कितीतरी ठोके नुसते कॉर्ड धडधडतात. दुसरी, वरचा सूर प्रत्येक कॉर्डबरोबर पुन्हा मारायचा. तो टिकतो, पण लांब सूर न राहता धडधडीचाच भाग होतो. तिसरी, कॉर्डमधला एक स्वर गाळून डाव्या हाताला दोनच स्वर द्यायचे आणि उजवा हात रोलसाठी मोकळा करायचा. सूर सलग राहतो, पण मग तो ऑर्गनसारखा विझायचाच थांबतो. शिवाय गाळायचा कोणता? या रचनेत कॉर्डचा प्रत्येक स्वर आपापल्या वेळी अर्धी पायरी उतरतो, तीच तिची गोष्ट. एक काढला की गोष्टीतलं एक पात्र गेलं.

बरेच वादक तिसरी वाट घेतात. ती ऐकायला सगळ्यात गोड असते. मला पहिली आवडते. वरचा सूर तुम्हाला ऐकू येत नाही, पण तो तिथे आहे हे तुम्हाला माहीत असतं, आणि कॉर्ड घसरतात तेव्हा तुमचा कान स्वतःच तो धरून ठेवतो. फार कमी लोक असं वाजवतात, कारण त्यासाठी श्रोत्यावर भरवसा लागतो.

एका हातानं रोल करण्याची कलाही याच अडचणीतून वाढली. मनगट फिरवून एकाच हातातल्या दोन काठ्या पट्टीवर आलटून पालटून पाडायच्या, म्हणजे दुसरा हात मोकळा. ली हॉवर्ड स्टीव्हन्स या अमेरिकी वादकानं मसरची काठ्या धरण्याची पद्धत सुधारून 1979 मध्ये एक पुस्तक लिहिलं. त्यात मनगटाच्या प्रत्येक हालचालीची इतकी बारीक चिरफाड आहे की वाचताना योगासनांचं पुस्तक हातात आहे असं वाटावं. आज जगभरचे विद्यार्थी ते वापरतात. पियानोची कितीतरी संथ, गाणारी पानं एकट्या माणसाच्या मरिंबावर आली ती या मनगटांमुळे.

पण तोवर एक बंडही होऊन गेलं होतं. रूपांतरांनी मरिंबाला मंच मिळवून दिला, पण प्रतिष्ठा मिळाली नाही. दुसऱ्याची पानं वाजवणारा कायम पाहुणाच राहतो. 1940 मध्ये न्यूयॉर्कमध्ये रूथ स्ट्यूबर हिनं पॉल क्रेस्टनचं ‘कन्चेर्तीनो’ वाजवलं, खास मरिंबासाठी लिहिलेलं. 1959 मध्ये व्हिडा चेनोवेथनं कार्नेगी हॉलमध्ये रॉबर्ट कुर्काचं कन्चेर्तो वाजवलं. आणि जपानमध्ये केइको आबे ही मुलगी होती. 1950 मध्ये एका अमेरिकी मिशनऱ्यानं आणलेले मरिंबा तिनं शाळेत ऐकले होते. पुढे साठच्या दशकात लोकप्रिय चालींची रूपांतरं वाजवून तिचं नाव झालं, भरपूर तबकड्या खपल्या, आणि तिला त्याचा कंटाळा आला. तिनं जपानी संगीतकारांना गाठून नव्या रचना लिहून घेतल्या. 1968 च्या तिच्या मैफिलीतून मिनोरू मिकींच्या ‘टाइम फॉर मरिंबा’सारख्या रचना पुढे आल्या. यामाहा कंपनीबरोबर वर्षानुवर्षं खटपट करून तिनं मरिंबा खालच्या बाजूला वाढवला, चार सप्तकांची पाच झाली.

याचा एक परिणाम असा झाला की वाढलेल्या मरिंबाचा सगळ्यात खालचा स्वर नेमका चेलोच्या सगळ्यात खालच्या तारेचा निघाला. त्यामुळे बाखचे चेलो सुइट जसेच्या तसे, एकही स्वर न हलवता मरिंबावर आले. स्वतःचं संगीत मिळवण्यासाठी वाढवलेल्या वाद्यावर पुन्हा जुन्या युरोपची गर्दी झाली! पण आता नातं बदललं होतं. स्वतःचं घर असलेला माणूस दुसऱ्याच्या घरी जातो तेव्हा वेगळा वागतो.

बाखची पट्टीवाद्यांसाठीची पानं मरिंबावर शोपाँपेक्षा सहज बसतात, याला साधं कारण आहे. बाखनं ती हार्पसिकॉर्ड-क्लॅविकॉर्डसाठी लिहिली. त्यांना पेडल नव्हतं, त्यांचा स्वरही लवकर सरायचा. दोन आवाजांची ‘इन्व्हेन्शन्स’ म्हणजे तर दोन हातांचा सरळ संवाद, चार काठ्यांतल्या दोन शिल्लकच राहतात. पेडलवर तरंगणारं संगीत हा एकोणिसाव्या शतकाचा शोध, आणि मरिंबाला तोच अवघड जातो.

आल्बेनिसच्या ‘आस्तुरियास’ची गंमत वेगळी. 1890 च्या दशकात पियानोसाठी लिहिलेली ही रचना पियानोवर गिटारची नक्कल करते. पुढे ती गिटारवर गेली आणि इतकी गाजली की मूळ पियानोची आहे हे बऱ्याच जणांना पटत नाही. मरिंबावर ती अस्सल बसते, कारण मधला एकच स्वर सतत ठोकत राहायचा आणि चाल त्याच्या खालून फिरवायची हे काठ्यांचंच काम आहे.

मला सगळ्यात जास्त विचारात पाडतो तो दब्यूसी. 1889 च्या पॅरिस प्रदर्शनात त्यानं जावाचा गामेलान ऐकला. घंटा, झांजा, धातूच्या पट्ट्या, आणि त्यात गांबांगही, म्हणजे लाकडी पट्ट्यांचं, काठ्यांनी वाजवायचं वाद्य. 1903 मध्ये त्यानं ‘पागोद’ लिहिलं. पियानोच्या हातोड्यांतून, पेडल दाबून ठेवून, त्या ठोक्यांचा धूसर भास उभा केला. म्हणजे ठोक्याच्या वाद्यांचं संगीत आधीच एकदा पियानोवर आलं होतं. ते मरिंबावर वाजतं तेव्हा त्याला रूपांतर म्हणायचं की परतफेड, हे मला ठरवता येत नाही.

एक अडचण तिथेही आहे. ‘पागोद’ पेडलशिवाय उघडं पडतं. एकावर एक साचत जाणारे स्वर हवेत, आणि शिकागोच्या स्वच्छ मरिंबावर ते साचत नाहीत. ग्वाटेमालाच्या लाकडी खोक्यांत, पापुद्र्याच्या झणझणीत, सात जणांच्या चौदा हातांत कदाचित साचतील. तसं कुणी वाजवलेलं मला अजून सापडलेलं नाही. तुम्हाला सापडलं तर लिंक पाठवा.